जुलाब थांबत नाहीत, पोट दुखायचं राहत नाही: हे नेमकं असतं तरी काय?

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत माणसांच्या हातापायांतली ताकद एकाएकी जायला लागली आणि 'गुलेन बॅरी सिंड्रोम' (जीबीएस) हे नाव घराघरांत पोचलं. त्यातल्या अनेकांना काही दिवस आधी जुलाब होऊन गेले होते. शौचाच्या नमुन्यांत काहींना कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला, काहींना नोरोव्हायरस, आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाचंही पोट बिघडलं की मला एक प्रश्न ठरलेला असतो: "तीन आठवडे झाले, पोट दुखतंय, जुलाबही होतायत. हे ते जीबीएस तर नसेल ना?"

बहुधा नसतं. कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब साधारण आठवड्याभरात आपोआप थांबतात. हजारात एखाद्याच रुग्णाला पुढच्या एक ते तीन आठवड्यांत नसांचा त्रास होतो. त्याची सुरुवात पायांत मुंग्या येण्यापासून, जिना चढताना पाय लटपटण्यापासून होते, आणि तसं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पण या प्रश्नातले 'तीन आठवडे' हे दोन शब्द मला जास्त टोचतात. तीन आठवडे पोट दुखतंय, दिवसातून चार-पाच वेळा पळावं लागतंय, आणि माणूस अजून मेडिकलमधून तीच पट्टी आणून गिळतोय. हा लेख त्या दोन शब्दांसाठी आहे.

आधी कॅलेंडर बघा

दिवसातून तीन किंवा त्याहून जास्त वेळा पातळ शौचाला होणं म्हणजे जुलाब. चौदा दिवसांच्या आत थांबले तर ते तात्पुरते. बहुतेक वेळा एखादा विषाणू, एखादा जिवाणू किंवा शिळं अन्न यांचा प्रताप, आणि शरीर तो स्वतःच निस्तरतं. चौदा दिवस उलटून गेले की ते रेंगाळलेले जुलाब. चार आठवडे ओलांडले की डॉक्टर त्यांना 'दीर्घकालीन' म्हणतात.

या रेघा उगाच मारलेल्या नाहीत. चार दिवस मुक्कामाला आलेला पाहुणा आणि खोली घेऊन राहिलेला भाडेकरू यांत जेवढा फरक, तेवढा तात्पुरत्या आणि दीर्घकालीन जुलाबांच्या कारणांत असतो. पहिल्या आठवड्यात ज्यांच्यावर संशय घ्यायचा ते जंतू चार आठवड्यांनंतर यादीत फार खाली गेलेले असतात, आणि वरती वेगळीच नावं आलेली असतात. तरीही औषध मात्र पहिल्या आठवड्यातलंच चालू राहतं. माझ्या घरात हेच घडलं, त्याबद्दल पुढे सांगते.

चक्का बांधलेलं फडकं

कारणं कळायला आतडं काय काम करतं ते आधी बघू. आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी पितो. त्यात लाळ, जठराचा रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं सगळं मिळून आणखी सहा-सात लिटर शरीर स्वतः ओततं. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर, जवळजवळ अर्धी बादली पातळ ऐवज लहान आतड्यात उतरतो. सहाएक मीटर लांबीचं लहान आतडं त्यातला बहुतेक भाग शोषून घेतं. लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात पोचतं, तिथेही बरंचसं शोषलं जातं, आणि शेवटी शौचातून जेमतेम एक-दोन कप पाणी बाहेर पडतं.

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतो, तसं मोठ्या आतड्याचं काम आहे. चक्का पातळ राहण्याची चार कारणं असू शकतात. एक, बांधून ठेवलंय खरं, पण वेळ न देता उतरवलं. आतड्याची हालचाल फार वेगाने झाली की असं होतं. दोन, वरून कुणीतरी पाणी ओततच राहिलं. काही जंतू आणि काही आजार आतड्याला पाणी सोडायला लावतात, कॉलरा हे त्याचं टोकाचं उदाहरण. तीन, फडकंच फाटलं. आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा झाल्या की पाणी शोषलं तर जात नाहीच, वर रक्त आणि आव मिसळते. चौथं कारण काकडीच्या कोशिंबिरीत दिसतं. मीठ घातलं की काकडी पाणी सोडते. न पचलेली साखर आतड्यात राहिली तर तीही तसंच पाणी खेचून घेते.

या चौथ्या प्रकाराची एक खूण घरीही लक्षात येते. ते अन्न बंद केलं, उपास पडला, की जुलाब थांबतात. आतडं स्वतःच पाणी सोडत असेल तर पोटात काही नसतानाही ते चालूच राहतात. डॉक्टरांनी "रात्री उठावं लागतं का? काही न खाता राहिलात तर थांबतं का?" असं विचारलं, तर त्यामागे हा हिशेब असतो.

"जंतूच असणार, दुसरं काय?"

आपल्याकडे पोटाच्या रेंगाळलेल्या दुखण्याला 'आव' किंवा 'अमिबा' म्हणायची पद्धत आहे. त्यात तथ्य आहेच. अमिबा आणि जिआर्डिया हे दोन परोपजीवी आपल्या पाण्यातून येतात आणि आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसू शकतात. अमिबाने मुरडा, आव, कधी रक्त दिसतं. जिआर्डियाने पोट फुगतं, शौच तेलकट आणि फार दुर्गंधीचं होतं. दोन्हींवर चांगली औषधं आहेत.

पण आपल्या आतड्यात अमिबाचा एक जुळा भाऊही राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो हुबेहूब रोगकारक अमिबासारखा दिसतो आणि अपाय काहीच करत नाही. त्यामुळे 'सिस्ट आढळल्या', म्हणजे अमिबाचं कवचातलं रूप दिसलं, एवढं रिपोर्टात आलं म्हणून दुखणं त्यानेच होतंय, असं ठरत नाही. अमिबाचं औषध नीट, पूर्ण मुदतीचं घेतल्यावर चारेक दिवसांत उतार पडायला हवा. एकदा घेतलं, थोडं बरं वाटलं, पुन्हा झालं; पुन्हा घेतलं, पुन्हा झालं. असं तिसऱ्यांदा होत असेल, तर औषध बदलण्याआधी निदानावर शंका घ्यायला हवी.

शिवाय अँटिबायोटिकच्या प्रत्येक फेरीत आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात. त्यांची जागा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जिवाणूने घेतली, तर जुलाबांवर घेतलेल्या औषधानेच नवे, अधिक वाईट जुलाब लागतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणतंही अँटिबायोटिक घेतलं असेल, दातासाठी असो की खोकल्यासाठी, तर ते डॉक्टरांना सांगा.

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे मला काहीच झालं नाही?"

मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसतं. डोंबिवलीहून निघालेल्या ज्या माणसाला सकाळी घरून निघण्याआधी तीन वेळा जाऊन यावं लागतं, आणि तरीही ठाण्यापर्यंत पोटात कळ येईल का, या धास्तीने जो दाराजवळ उभा राहतो, त्याला हा भाग वाचायला मिळावा असं मला फार वाटतं.

आयबीएस म्हणजे आतड्याचं अतिसंवेदनशील होणं. पोटदुखी आणि जुलाब दीर्घकाळ चालू असण्याच्या कारणांत हे फार मोठं कारण आहे. जगभरचे डॉक्टर वापरतात ती व्याख्या अशी: गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखतं, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असतो, शौचाची वारंवारता किंवा घट्टपणा बदललेला असतो, आणि त्रास सुरू होऊन निदान सहा महिने झालेले असतात. यात आतड्याला जखम नसते, सूज नसते. म्हणून सोनोग्राफी साफ, रक्त साफ, दुर्बीणही साफ. आणि मग घरचे म्हणतात, "तुझ्या मनाचे खेळ आहेत."

मनाचे खेळ नाहीत. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्यांचं बोलणं दोन्ही बाजूंनी चालू असतं. गणपतीच्या मांडवात तीच आरती चालू असते, पण कुणीतरी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं की शेजारच्या घरात बसवत नाही. तसंच इथे आतड्याचं नेहमीचं आकुंचन, नेहमीचा वायू, पण तो जाणवतो मात्र दसपट. जेवण पोटात गेलं की मोठ्या आतड्याने हालचाल करणं हा प्रत्येकाच्या शरीराचा स्वभाव आहे. आयबीएसमध्ये तीच हालचाल चहाच्या दोन घोटांवर कळ होऊन येते. तणावाने ते बटण आणखी फिरतं, हे खरं. पण तणाव वाढला की दमाही वाढतो आणि रक्तदाबही. त्यांना आपण खोटं म्हणत नाही.

जंतूंमुळे झालेल्या जुलाबांनंतरही हे सुरू होऊ शकतं. साथीत पोट बिघडलेल्या दहा जणांपैकी साधारण एकाला जंतू गेल्यावरही पुढे कित्येक महिने आयबीएस राहतो. "त्या लग्नातलं जेवण बाधलं तेव्हापासून पोट ठिकाणावर नाही" असं म्हणणारी माणसं बहुतेक वेळा खरं सांगत असतात.

उपचार आहेत. इसबगोलसारखा पाण्यात फुगणारा तंतू, आतड्याची कळ सैल करणारी औषधं, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल, आणि काहींना फार कमी मात्रेत दिलेली नैराश्यावरची औषधं. ही शेवटची चिठ्ठी हातात पडली की लोक दुखावतात. ती इथे नसांची संवेदना कमी करण्यासाठी असते, तुम्हाला वेडं ठरवण्यासाठी नाही. जेवणातही बदल करतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध यांतल्या काही साखरा लहान आतड्यात शोषल्या जात नाहीत आणि मोठ्या आतड्यात आंबतात. चार ते सहा आठवडे त्या कमी करायच्या आणि मग एकेक पदार्थ परत घेऊन बघायचा. कायमचं सगळं सोडून चहा-पोळीवर राहणं हा उपचार नव्हे, आणि चहा-पोळीत दूध आणि गहू दोन्ही आहेत.

दूध सोसत नाही, की गहू?

आईचं दूध पचवायला लागणारं लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य मोठेपणी कमी होत जाणं हे जगातल्या बहुसंख्य माणसांच्या बाबतीत घडतं. दुधातली साखर मग पचत नाही आणि काकडीच्या कोशिंबिरीसारखा प्रकार होतो: गुडगुड, फुगणं, पातळ शौच. हा आजार नाही आणि यात आतड्याचं नुकसानही होत नाही. बहुतेकांना चहातलं दूध चालतं, ग्लासभर चालत नाही. दही-ताक बऱ्याच जणांना सोसतं, कारण विरजणाच्या जिवाणूंनी ती साखर आधीच बरीचशी खाल्लेली असते. बासुंदी खाल्ल्यावर संध्याकाळी त्रास आणि ताकाने काही नाही, अशी तऱ्हा असेल तर दोन आठवडे दूध बंद करून बघण्याएवढी ही तपासणी सोपी आहे.

गव्हाचं तसं नाही. सीलिॲक आजारात गहू आणि जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. शोषणाचं काम करणारी अस्तरावरची बारीक केसाळ लव झिजून सपाट होते. मग जुलाब, पोट फुगणं, वजन न वाढणं, आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही वर न येणारं हिमोग्लोबिन. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हावर आधीपासून संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि त्या उपासमारीत हीच आजारी मुलं सुधारली. त्यांचा संशय पक्का झाला. आपल्या देशात हा आजार गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेकडे अधिक दिसतो, म्हणून महाराष्ट्रात तो लवकर आठवत नाही. उंची खुंटलेल्या, सतत पोट बिघडणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो आठवायलाच हवा.

इथे एक चूक फार जण करतात. कुणीतरी सांगतं म्हणून आधी गहू बंद करतात आणि मग रक्त तपासतात. गहू बंद असेल तर रक्तातली ती प्रतिद्रव्यं खाली येतात आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो. तपासणी होईपर्यंत पोळी चालू ठेवायची. निदान झालं तर मात्र आयुष्यभर काटेकोर. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात, म्हणजे भाकरीच्या घराला हे पथ्य पंजाबी घरापेक्षा सोपं. पण गिरणीत गव्हावर ज्वारी दळली, तर ते पीठ चालत नाही. हिंगाच्या डबीतही बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

मावशीच्या पोटातला गोळा

माझी मावशी दीड वर्ष 'आवेचा' उपचार घेत होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या ठेवायची, त्रास वाढला की त्यातलीच एखादी. तिचं वजन कमी होतंय हे काट्यावर कुणी पाहिलं नाही. तिने स्वतःच तीन वेळा ब्लाउजच्या शिवणी आत घेतल्या होत्या, आणि आम्ही म्हणायचो, "मावशी, बारीक झालीस, छान दिसतेस." ती एक गोष्ट मात्र नेहमी सांगायची: "जेवलं की उजवीकडे गोळा येतो, फिरतो, कळ मारतो आणि गुडगुड करून विरतो." ज्या दवाखान्यात ती जायची तिथे हे वाक्य तिने किती वेळा सांगितलं असेल! कुणी ते चिठ्ठीवर उतरवलं नाही. संध्याकाळी घाम आणि बारीक ताप, हा थकव्यावर ढकलला.

शेवटी पोटविकारतज्ज्ञाने ते एक वाक्य ऐकून हातातलं पेन खाली ठेवलं. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, ती जागा पोटाच्या उजव्या बाजूला खाली येते. तिथे आतडं आक्रसलं की पुढे जाऊ न शकणारं अन्न आणि वायू मागे साठतो, फुगतो, जोर लावून निसटतो. हाच तिचा गोळा. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीत, म्हणजे बायोप्सीत, आतड्याचा क्षयरोग निघाला.

टीबी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर खोकला येतो. आतड्याच्या टीबीत छातीचा एक्स-रे साफ असू शकतो, खोकला मुळीच नसू शकतो. जंतू गिळलेल्या थुंकीतून किंवा न उकळलेल्या दुधातूनही आतड्यापर्यंत पोचू शकतात. उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो. औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला १,००० रुपये दिले जातात. मावशीला मिळाले.

याच जागेवर, याच लक्षणांनी, दुर्बिणीतही जवळजवळ तसाच दिसणारा दुसरा आजार आहे, क्रोन. क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या दोघांना मिळून आयबीडी म्हणतात. आयबीएस आणि आयबीडी यांत एकाच अक्षराचा फरक असला तरी आजार पूर्ण वेगळे आहेत: पहिल्यात आतडं शाबूत असतं, दुसऱ्यात प्रतिकारशक्ती भरकटून आतड्यावर खऱ्याखुऱ्या जखमा करते. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो आणि त्याची ओळख म्हणजे रक्त-आव पडणं, घाईघाईने पळावं लागणं. क्रोन तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो.

क्रोन आणि टीबी यांत घोळ झाला तर तो महागात पडतो. क्रोनमध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, बऱ्याचदा स्टिरॉइड, देतात. तीच औषधं टीबीच्या रुग्णाला दिली तर टीबीला मोकळं रान मिळतं. म्हणून आपल्याकडचे डॉक्टर कधी कधी खात्री होत नसली तर आधी टीबीचं औषध सुरू करतात आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते बघतात. "एकदा दुर्बीण झाली, आता पुन्हा कशाला?" याचं उत्तर हे आहे.

आतड्याबाहेरची कारणं

कधी दोष आतड्याचा नसतोच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या बऱ्याच जणांना पातळ होतं. हळूहळू विरघळणारी गोळी दिली की अनेकदा थांबतं. ॲसिडिटीच्या पातळ औषधातलं मॅग्नेशियम, साखरविरहित गोळ्या-च्युइंगगममधलं सॉर्बिटॉल, हेही जुलाब करतात. म्हणून डॉक्टरकडे जाताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक चूर्णासकट.

पित्ताशय काढल्यानंतर काहींना जेवण झालं की लगेच पिवळसर पातळ होतं, कारण पित्त साठायला जागा न राहिल्याने ते मोठ्या आतड्यात जास्त उतरतं. थायरॉइड जास्त चालत असेल तर भूक भरपूर, तरी वजन घटतं, छाती धडधडते, हात थरथरतात. स्वादुपिंड खराब झालं, दारूने किंवा दारूशिवायही, तर चरबी पचत नाही. शौच तेलकट, तरंगणारं, भांड्याला चिकटणारं होतं आणि वरच्या पोटातलं दुखणं पाठीत जातं. पाळीच्या दिवसांतच दर महिन्याला मुरडा आणि पातळ होत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा) विचार करायला स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगा. दीर्घकालीन जुलाबांत एचआयव्हीची तपासणी सुचवली तर अपमान मानू नका.

घरात अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतील तर एक उलटा प्रकार लक्षात ठेवा. घट्ट मळाचा खडा खाली अडकून बसतो आणि त्याच्या कडेने वरचं पातळ पाणी झिरपत राहतं. बघणाऱ्याला वाटतं जुलाब. थांबवायची गोळी दिली की खडा आणखी घट्ट.

"रक्त पडतं, पण ते मूळव्याधीचं"

असेलही. पण हे वाक्य तपासणीनंतर बोलायचं. गावोगावच्या भिंतींवर मूळव्याधीच्या जाहिराती रंगवलेल्या असल्याने शौचातून रक्त म्हणजे मूळव्याध हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल, त्यासोबत रक्त किंवा न कळणारा ॲनिमिया, यामागे मोठ्या आतड्याचा कॅन्सर असू शकतो. तो लवकर सापडला तर बरा होणाऱ्यांतला आहे. त्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

चार आठवड्यांची वाट न बघता तज्ज्ञ गाठावा अशा खुणा या: शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, प्रयत्न न करता घटलेलं वजन, ताप, जुलाबासाठी रात्री झोपेतून जाग येणं, पोटात हाताला लागणारी गाठ, गुदद्वाराजवळ भगंदर, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा आयबीडी. यांतली झोपेतून जाग येण्याची खूण लोक सांगायलाच विसरतात. आयबीएसचं आतडं सहसा माणसाबरोबर झोपतं. ज्याला पहाटे तीनला कळ येऊन उठावं लागतं त्याच्या आतड्यात शोध घ्यायला हवा. आणि पोट दगडासारखं कडक होऊन उलट्या होत असतील, वायूही सरत नसेल, किंवा लघवी होईनाशी झाली असेल, तर हे वाचत बसू नका, इमर्जन्सीत जा.

"सोनोग्राफी केली की! दुर्बीण कशाला?"

सोनोग्राफीच्या लहरी वायूतून नीट जात नाहीत, आणि आतडं वायूने भरलेलं असतं. पित्ताशयातले खडे, यकृत, मूत्रपिंड तिच्यात छान दिसतं. आतड्याच्या आतल्या अस्तरावरची बारीक जखम दिसत नाही. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल' याचा अर्थ 'आतडं नॉर्मल' असा होत नाही, आणि तिच्यात 'कोलायटिस असावा' असं आलं तरी तेवढ्यावर निदान पक्कं होत नाही.

तरीही प्रत्येकाला दुर्बीण लागत नाही. आधी साध्या तपासण्या: शौचाची तपासणी, हिमोग्लोबिन, सूज दाखवणारं सीआरपी, थायरॉइड, सीलिॲकची रक्ततपासणी. आणि एक तपासणी मुद्दाम विचारून घ्यावी अशी, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. आतड्यात सूज असली की पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि हे प्रथिन शौचात उतरतं. तरुण माणसाला धोक्याच्या खुणा नाहीत आणि कॅलप्रोटेक्टिन कमी आहे, तर आयबीडीची शक्यता फार कमी उरते आणि दुर्बीण बऱ्याचदा टळते. वेदनाशामक गोळ्यांनी ते थोडं वाढू शकतं, तेवढं लक्षात ठेवा.

लागलीच, तर कोलोनोस्कोपीत सगळ्यात नकोसा भाग आदल्या दिवशीचा. पोट साफ करणारं खारट-गोडसर पाणी लिटर-लिटर प्यावं लागतं आणि रात्र मोरीत जाते. प्रत्यक्ष तपासणी बहुतेक ठिकाणी झोपेचं इंजेक्शन देऊन होते, अर्ध्या तासात आटोपते. मावशी शुद्धीवर आल्यावर म्हणाली होती, "झालं पण?"

तोवर घरी काय करायचं?

मऊ भात, मेतकूट, ताक, डाळिंब हे पहिल्या दोन-चार दिवसांत उत्तमच. कुड्याची साल आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या वापरली गेली आहे. माझी हरकत उपायाला नाही, त्यावर घालवलेल्या महिन्यांना आहे. दोन आठवड्यांत उतार नाही तर तपासणी, एवढी एक अट घालून घ्या. आणि रक्त किंवा ताप असेल तर जुलाब कोंडणारी गोळी स्वतःहून घेऊ नका. आत जे बाहेर पडू पाहतंय ते आतच राहतं.

पाण्याची तूट भरायला ओआरएस. आतड्याच्या पेशींत असं दार आहे की साखर आणि मीठ हातात हात घालून आले तरच ते उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत शिरतं. हे दार जुलाबांतही शाबूत असतं. १९७१च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी याच जोरावर मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्याही खाली आले. फक्त प्रमाण पाळायचं: लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटर पाण्यात, अर्धं ग्लासात नाही. गोड फळांची पेयं ओआरएस म्हणून पाजू नका, जास्त साखरेने जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या वेष्टनावरून 'ओआरएस' हा शब्द काढायला लावला, तो याच कारणाने. लहान मुलांना सोबत चौदा दिवस झिंक द्यायचं असतं, जुलाब आधी थांबले तरी.

आणि डॉक्टरकडे जाण्याआधी एक आठवडा वहीत लिहा: किती वेळा, दिवसा की रात्री, रंग, आव, रक्त, काय खाल्लं होतं, दुखणं कुठे आणि शौचानंतर कमी होतं का. लाज वाटत असेल तर मोबाइलमध्ये फोटो काढून न्या, डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही. वजन लिहा. काटा नसेल तर कपडे कधीपासून सैल झाले ते लिहा. दुखण्याचं वर्णन तुमच्याच शब्दांत करा, 'गोळा फिरतो' तर 'गोळा फिरतो' असंच सांगा, आणि ते चिठ्ठीवर उतरलं की नाही ते बघूनच उठा.